कृषी मेळ्यातली कुऱ्हाडीची शर्यत: सर्वांत उशिरा सुरू करणारा बरोबरीने कसा संपवतो?

गोरेगावकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात एका लहान गावी राहते. यंदा तिच्याकडे गेलो असताना तिथल्या वार्षिक कृषी मेळ्याला जाण्याचा योग आला. कृषी प्रदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठिबक सिंचनाचे, बियाण्यांचे आणि ट्रॅक्टरचे मंडप येतात, आणि मीही तशीच काहीशी अपेक्षा ठेवून गेलो होतो. गाईबैलांच्या आणि मेंढ्यांच्या स्पर्धा, घरगुती मुरंबे, प्रचंड आकाराचे भोपळे हे सगळे तिथे होतेच. मात्र सर्वाधिक गर्दी मैदानाच्या एका कोपऱ्यात लोखंडी बैठकींवर घट्ट आवळून उभ्या केलेल्या लाकडी ठोकळ्यांभोवती होती.

पांढरी बनियन आणि पांढरी विजार घातलेले सात-आठ जण हातात कुऱ्हाड घेऊन आपापल्या ठोकळ्यापाशी उभे राहिले. त्यांत मिसरूडही न फुटलेला एक मुलगा होता, तसेच पांढऱ्या केसांचे एक गृहस्थही होते. ध्वनिक्षेपकावरून एक माणूस एक, दोन, तीन असे संथपणे आकडे मोजू लागला. तिसऱ्या आकड्याला त्या मुलाने पहिला घाव घातला, आणखी काही आकड्यांनी दुसरा सुरू झाला, मग तिसरा. रांगेतला सर्वांत धिप्पाड माणूस मात्र कुऱ्हाड टेकवून स्वस्थ उभा होता. इतरांचे ठोकळे निम्म्याहून अधिक कापून झाल्यावर त्याने हात उचलला, आणि शेवटी तो व तो मुलगा जवळजवळ एकाच क्षणी मोकळे झाले. मुलगा केसभर आधी संपवून जिंकला, तेव्हा प्रेक्षकांनी जो जल्लोष केला तो वानखेडेवर शोभला असता.

बहिणीच्या यजमानांनी ‘हँडिकॅप’ एवढाच खुलासा केला आणि ते मेंढ्यांकडे वळले. मला मात्र पुढचे प्रश्न पडले आहेत. हा उशीर कोण आणि कशाच्या आधारावर ठरवतो? एक ठोकळा मऊ आणि दुसरा गाठीचा निघाला तर सगळा हिशेब फसणार नाही का? मुळात शेतीच्या मेळ्यात हा खेळ आला कसा, आणि याला जाणकार लोक खरोखर खेळ मानतात की ती केवळ करमणूक आहे? कोणाला माहिती असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

टास्मानियातून परतलेला यांचे उत्तर

आपण जे पाहिले त्याला तिकडे ‘वुडचॉप’ म्हणतात आणि कुऱ्हाड चालवणाऱ्याला ‘ॲक्समन’. नोकरीनिमित्त मी काही वर्षे टास्मानियात डेव्हनपोर्टला होतो. या खेळाचे माहेर ज्या लॅट्रोब गावाला मानतात ते डेव्हनपोर्टच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी दुसरे काही करायला नसले की आम्ही हेच पाहायला जात असू.

सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी कथा अशी, की १८७० साली टास्मानियाच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्व्हरस्टन येथे दोन लाकूडतोड्यांत झाड आधी कोण पाडतो यावर २५ पौंडांची पैज लागली आणि तिथून या शर्यतींना सुरुवात झाली. १८९१ साली लॅट्रोबला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. ‘जागतिक’ हा शब्द त्या काळी जरा सढळ हाताने वापरला असावा; तरी त्या वर्षापासून नियम, संघटना आणि बक्षिसे असलेला खेळ उभा राहिला हे खरे. शेतीशी त्याचा संबंध शोधायला फार दूर जावे लागत नाही. तिथे जमीन मिळाली म्हणजे शेत मिळाले असे होत नसे. आधी उंचच उंच निलगिरीचे जंगल तोडावे लागे, मग नांगर. ज्या माणसाने सकाळी दूध काढले तोच दुपारी झाड पाडत असे. म्हणून गावच्या मेळ्यात उत्तम गाय, उत्तम लोणी आणि उत्तम मेंढी यांच्याबरोबर उत्तम कुऱ्हाडही जोखली जाऊ लागली, यात तिथल्या लोकांना काहीच विचित्र वाटत नाही. सिडनीचा रॉयल ईस्टर शो भरवणारी कृषी संस्था १८२२ साली स्थापन झाली आणि तिचे पहिले प्रदर्शन १८२३ मध्ये पॅरामाटाला झाले. आज तो मेळा होमबुशच्या ऑलिंपिक पार्कमध्ये भरतो, आणि तिथे लाकूडतोडीसाठी स्वतंत्र प्रेक्षागार आहे.

आता हँडिकॅपविषयी. आपण ऐकलेले आकडे म्हणजे सेकंद. प्रत्येक स्पर्धकाला एक ‘मार्क’ दिलेला असतो आणि मोजणी त्या आकड्यावर आली की त्याने पहिला घाव घालायचा. समजा, नवख्याचा मार्क ५ आहे आणि कसलेल्या गड्याचा ३५. नवख्याला तो ठोकळा तोडायला ५५ सेकंद लागतात आणि कसलेल्याला २५, तर दोघेही मोजणी ६० वर येताच संपवतील. मार्क ठरवणाऱ्याचे कौशल्य एवढ्यातच असते, की त्याने कागदावर मांडलेली शर्यत बरोबरीत सुटली पाहिजे. मग त्या दिवशी ज्याने आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा एखादा सेकंद वाचवला तो जिंकतो. मार्क मागच्या कामगिरीच्या नोंदींवरून दिला जातो. जिंकलात की तो वाढतो, म्हणजे पुढच्या वेळी अधिक थांबावे लागते. उभ्या ठोकळ्याचा आणि आडव्या ओंडक्याचा मार्क एकाच माणसासाठी वेगवेगळा असू शकतो. आपला आकडा येण्याआधी घाव घातला तर दंड बसतो. सर्वांत मोठा मार्क ज्याचा, त्याला ‘बॅकमार्कर’ म्हणतात, आणि गावच्या मेळ्यात बॅकमार्कर असणे हाच मोठा मान असतो. कारण तो बक्षीस घेऊन जाईलच असे नाही, किंबहुना बहुतेकदा नेत नाहीच.

अजिंक्यपदाच्या फेऱ्यांत मात्र सगळे एकाच वेळी सुरू करतात. तिथे उपकार नाहीत. टास्मानियाचा डेव्हिड फॉस्टर सलग २१ वर्षे जागतिक विजेता राहिला तो अशाच लढतींत.

ठोकळ्यांच्या फरकाची आपली शंका रास्त आहे. शक्यतो एकाच झाडाचे किंवा एकाच प्रतीचे लाकूड घेऊन सर्व ठोकळे सारख्या व्यासाचे करून घेतात, आणि कोणाला कोणता मिळणार हे चिठ्ठीने ठरते. तरीही आतली गाठ कोणाला दिसत नाही. नशिबाचा तेवढा वाटा सगळ्यांनी मान्य केलेला आहे, आणि हरलेला माणूस ठोकळ्याला शिव्या देत घरी जातो.

रविवारची रेस यांचे उत्तर

हा हिशेब मुंबईकरांना नवा वाटायचे कारण नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर बहुसंख्य शर्यती हँडिकॅपच्याच असतात. फरक इतकाच की तिथे चांगल्या घोड्याला थांबवून ठेवत नाहीत, त्याच्या पाठीवर अधिक वजन लादतात. घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुणांक मिळतो, त्यावरून वजन ठरते, आणि जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरे करतात. जिंकलेल्या घोड्याचा गुणांक चढतो आणि पुढच्या शर्यतीत त्याला जड जाते. उलट, १९४३ पासून चालत आलेल्या इंडियन डर्बीत मागच्या कामगिरीची शिक्षा म्हणून कोणाच्या पाठीवर वजन वाढत नाही. चार वर्षांच्या घोड्यांतला सर्वश्रेष्ठ कोण एवढाच प्रश्न असतो, आणि माद्यांना काय ती थोडी सवलत. वर सांगितलेली अजिंक्यपदाची फेरी ही त्यांची डर्बी समजावी.

माझी शंका वेगळी आहे. घोडा मुद्दाम मागे ठेवून गुणांक उतरवून घ्यायचा आणि मग पैसे लावून एकदम सोडायचा, ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे आणि त्यासाठी शर्यतीवर देखरेख करणाऱ्या स्ट्युअर्डांकडून चौकशी होते. मग एखाद्या लाकूडतोड्याने लहानसहान मेळ्यांत हात आखडता घेऊन मार्क कमी करून घेतला आणि मोठ्या मेळ्यात खरा वेग दाखवला, तर त्याला कोण पकडणार?

टास्मानियातून परतलेला यांचे उत्तर

पकडतात, आणि अगदी साध्या उपायाने. मार्क देणारा माणूस बहुधा स्वतः आयुष्यभर कुऱ्हाड चालवलेला असतो. मुद्दाम कमी खोल जाणारा घाव त्याला लांबूनही कळतो. शिवाय या खेळातली मंडळी थोडी आहेत, घराणी ठरलेली आहेत, आजोबा-मुलगा-नात एकाच मैदानावर उतरतात, त्यामुळे कोणाची खरी वेळ काय आहे हे सर्वांना पाठ असते. बक्षिसाची रक्कमही गावच्या मेळ्यात एवढी मोठी नसते की त्यासाठी वर्षभर नाटक करावे.

वखारवाला, दारुखाना यांचे उत्तर

मी हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला नाही, इंटरनेटवरील चित्रफिती मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. आमच्या घरात तीन पिढ्या इमारती लाकडाचा व्यवसाय असल्यामुळे ठोकळ्याकडे पाहण्याची नजर थोडी निराळी आहे. त्या नजरेला जे दिसले ते लिहितो, कारण ‘ताकदीचा खेळ’ असे म्हणून हा विषय संपवणे त्या लोकांवर अन्याय करणारे होईल.

लाकडाचे तंतू बुंध्याच्या लांबीच्या दिशेने जातात. त्यांना काटकोनात कुऱ्हाड मारली तर पाते रुतते, उसळते, आणि माणूस दमतो; तंतूंच्या दिशेनेच मारली तर लाकूड फाटते, पण तुटत नाही. म्हणून घाव तिरपा असतो. उभ्या ठोकळ्यावर एक घाव वरून खाली उतरतो आणि दुसरा खालून वर चढतो, दोन्ही आत एका रेषेवर मिळतात आणि मधली ढलपी उडून पडते. ढलपी उडाली नाही तर पुढचा घाव तिच्यावरच वाया जातो. खाच किती रुंद उघडायची हा त्यातला खरा निर्णय, आणि तो पहिल्या दोन-तीन घावांतच घ्यावा लागतो. रुंद उघडली तर नको तेवढे लाकूड काढत बसावे लागते. अरुंद उघडली तर मध्याजवळ पोहोचताच पाते दोन्ही बाजूंनी अडकू लागते आणि मग रुंदी वाढवायला पुन्हा बाहेर यावे लागते. एका बाजूने मध्याच्या किंचित पुढे जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूने उरलेले कापायचे. उत्तम खेळाडू सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा पंधरा-वीस सेकंदांत मोकळा करतात, तेव्हा त्यांच्या प्रत्येक घावाची जागा आधीच ठरलेली असते. गोरेगावकरांनी पाहिलेला तो धिप्पाड माणूस स्वस्थ उभा होता, तेव्हा तो बहुधा मनातल्या मनात हेच घाव मोजत असावा.

कुऱ्हाडीविषयी. आपल्या गावाकडे सरपण फोडायला वापरतात ती कुऱ्हाड आणि ही कुऱ्हाड यांच्यात नाव सोडले तर फारसे साम्य नाही. शर्यतीच्या कुऱ्हाडीचे पाते साधारण अडीच ते तीन किलोचे, रुंद आणि धारेकडे अतिशय पातळ केलेले असते, आणि दांडा बहुधा अमेरिकेतल्या हिकरी नावाच्या चिवट लाकडाचा. न्यूझीलंडमधल्या मास्टरटन गावात तुआताही नावाचा कारखाना अशा कुऱ्हाडी बनवतो आणि जगभरचे स्पर्धक त्या मागवतात. कसलेला खेळाडू मैदानावर एकच कुऱ्हाड आणत नाही, लाकडी पेटीत जपून अनेक आणतो. मऊ लाकडाला लांब, पातळ उताराची धार चालते, कारण ती खोल जाते. तीच धार कठीण लाकडावर किंवा गाठीवर बसली की तिचा तुकडा उडतो. म्हणून आधी ठोकळा हाताने चाचपायचा, सालीखालचा ओलावा पाहायचा आणि मग पेटीतून कुऱ्हाड निवडायची. आमच्याकडे कारागीर लाकडावर नखाने रेघ ओढून करवत ठरवतो, त्याच जातीचे हे ज्ञान आहे. सरावाची कुऱ्हाड वेगळी ठेवतात, आणि शर्यतीची कुऱ्हाड सख्ख्या भावालाही कोणी सहजासहजी देत नाही असे ऐकतो. ते अगदी पटते. आमच्या वखारीत रंध्याच्या पात्यावरून भाऊबंदकी झालेली आहे.

मुलुंडकरीण यांचे उत्तर

माहिती उत्तम मिळते आहे. तरी एक विचारावेसे वाटते. जंगल तोडून शेत केले तो काळ संपला, आता त्याच देशात उरलेली जुनी जंगले वाचवण्यासाठी लोक आंदोलने करतात. अशा वेळी केवळ वेळ मोजण्यासाठी चांगले लाकूड तोडून त्याचा भुगा करायचा, हे खेळ म्हणून कौतुकाने पाहावे का? आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे वाद चालला, २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे सुधारित कायदे वैध ठरवले. परंपरा आहे एवढ्यावर तिथे कोणाची सुटका झाली नाही, अटी घालून घ्याव्याच लागल्या. या खेळाला असा प्रश्न कोणी विचारत नाही का?

आणखी एक शंका, थोडी व्यावहारिक. आडव्या ओंडक्यावर उभे राहून स्वतःच्याच दोन पायांच्या मध्ये कुऱ्हाड मारताना मी चित्रफितीत पाहिले. पायावर कुऱ्हाड मारून घेणे ही गोष्ट आपल्याकडे फक्त बोलण्यापुरती उरली आहे, तिथे तर ती अक्षरशः होऊ शकते.

टास्मानियातून परतलेला यांचे उत्तर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. त्या प्रकाराला ‘अंडरहँड’ म्हणतात. ओंडक्यावर पाय रोवण्यासाठी आधीच खाचा करून ठेवलेल्या असतात, त्यांत पाय घट्ट बसवायचे आणि घाव दोन्ही पावलांच्या मधोमध उतरवायचा. निम्मे झाले की उडी मारून तोंड फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूने कापायचे. पावलांवर आणि नडग्यांवर लोखंडी कड्यांच्या जाळीचे मोजे चढवतात. जाळीमुळे पाय चिरत नाही; आघात मात्र बसतोच. दिसायला सर्वांत भीतीदायक हाच प्रकार आहे, पण मला स्वतःला पाहताना धडकी भरते ती ‘ट्री फेलिंग’ पाहताना. उंच उभ्या केलेल्या खांबात कुऱ्हाडीने एक खाच करायची, तिच्यात लोखंडी टोकाची फळी खुपसायची, त्या फळीवर चढून वर दुसरी खाच करायची, तिच्यात पुढची फळी खुपसायची, असे करत माथ्यापर्यंत जायचे आणि एका हलत्या फळीवर उभे राहून माथ्याचा ठोकळा अर्धा कापायचा. मग खाली उतरून दुसऱ्या बाजूने पुन्हा तेच. ही कसरत करमणुकीसाठी रचलेली नाही. त्या प्रदेशातल्या प्रचंड झाडांचा बुंधा जमिनीजवळ अवाढव्य फुगलेला असे, तिथे कापण्यात श्रम वाया जात, म्हणून जुने लाकूडतोडे फळ्या लावून फुगवट्याच्या वर चढून झाड पाडत. त्या झाडांची कल्पना यावी म्हणून सांगतो, की टास्मानियातल्या ‘सेंच्युरियन’ नावाच्या निलगिरीची उंची सुमारे १०० मीटर मोजली गेली आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे. जुन्या जंगलाबद्दलची आपली टोचणी मला मान्य आहे, आणि तिकडेही ती बोलली जाते. पण प्रमाण पाहावे. एका मेळ्याला लागणारे लाकूड हे एका दिवसात कागद गिरणीला जाणाऱ्या लाकडाच्या तुलनेत काहीच नाही. युरोपातल्या स्पर्धांत पॉप्लर वापरतात, जो झपाट्याने वाढणारा आणि मुद्दाम लावला जाणारा वृक्ष आहे. बैलाच्या बाबतीत प्रश्न त्याच्या वेदनेचा होता. इथे वेदना झालीच तर माणसाच्या खांद्याला होते. तेव्हा दोन्हींना एकाच तराजूत घालू नये असे माझे मत आहे, आपले वेगळे असू शकते.

स्त्रिया या खेळात आहेत हेही सांगून ठेवतो. अंडरहँडमध्ये त्यांच्या स्वतंत्र फेऱ्या होतात, आणि दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतीच्या शर्यतीत स्त्री-पुरुष जोडीचा गट असतो, त्याला ‘जॅक अँड जिल’ म्हणतात. माझ्या मते त्या मेळ्यातली सर्वांत देखणी शर्यत तीच. करवत ओढायची असते, ढकलायची नसते. जोडीदार ओढू लागला की आपण हात सैल सोडायचा. ज्या जोडीला हे साधत नाही तिची करवत मध्येच वाकते आणि बिचारे एकमेकांकडे पाहत राहतात.

कुर्ल्याचा सांगलीकर यांचे उत्तर

दोन गोष्टी जोडतो. पहिली म्हणजे हा खेळ फक्त ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या हेवर्डला १९६० पासून लाकूडतोड्यांची स्पर्धा भरते आणि १९८५ मध्ये तिथेच ‘टिंबरस्पोर्ट्स’ ही व्यावसायिक मालिका सुरू झाली, जिच्यात कुऱ्हाडीबरोबर यांत्रिक करवतही आली. पण मला सर्वांत निराळा वाटतो तो स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील बास्क प्रांताचा प्रकार. तिथला कुऱ्हाडवाला, ज्याला ते ‘ऐस्कोलारी’ म्हणतात, बीच वृक्षाच्या एकामागून एक मांडलेल्या ओंडक्यांवर चढत जातो, आणि शर्यत काही सेकंदांत संपत नाही, अर्धा-पाऊण तासही चालते. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा गडी शंभर मीटर धावतो आणि बास्क गडी लांब पल्ल्याचा. या बास्क लोकांत बैलांकडून जड दगड ओढून घेण्याच्या शर्यतीही आहेत, ज्या आंध्रातल्या शेतकऱ्याला दाखवल्या तर तो लगेच आपली जोडी घेऊन यायला निघेल.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. आमच्याकडे बैलांच्या शर्यतीत असा उशीर देण्याची पद्धत नाही, तर दातांवरून गट पाडतात: दुधाचे दात असलेला आदत, दोन दात आलेला दुसा, चार दातांचा चौसा, आणि मग सर्वांसाठी खुला गट. विदर्भातल्या शंकरपटात जोडीने ठरलेले अंतर किती सेकंदांत कापले ते पाहतात. दोन्हीकडे चांगला आणि कच्चा समोरासमोर येत नाही, किंवा आला तर कच्च्याने हरायचेच असते. सोळा वर्षांच्या मुलाला गावातल्या सर्वांत मोठ्या गड्याशेजारी उभे करून त्याला जिंकण्याची खरीखुरी संधी द्यायची, ही कल्पना मला या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटली. आपल्या कुस्तीच्या आखाड्यात ती कशी बसवता येईल याचा मी विचार केला, पण कुस्तीत उशीर कशाला द्यायचा? वजनगट सोडून दुसरे काही सुचले नाही.

गोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः मार्कचे उदाहरण आणि खाचेच्या रुंदीविषयीचे विवेचन वाचून, पाहिलेली शर्यत आता पुन्हा नीट कळली. एक शेवटचा प्रश्न. माझ्या पुतण्याने हे सारे वाचले आहे आणि त्याला कुऱ्हाड चालवून पाहायची आहे. वय एकोणीस, व्यायामशाळेत जातो, मल्लखांब शिकलेला आहे. मुंबईत अशी काही सोय होऊ शकते का? आमच्या सोसायटीच्या मागे पावसात पडलेल्या गुलमोहराचे ओंडके पडून आहेत.

वखारवाला, दारुखाना यांचे उत्तर

पडलेल्या झाडाला हात लावण्याआधी सोसायटीच्या समितीमार्फत महापालिकेच्या उद्यान खात्याला विचारून घ्यावे. शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ओंडका आपोआप पडलेल्या झाडाचा आहे की पाडलेल्या, हा वाद नंतर घालण्यापेक्षा आधी कागद घेतलेला बरा. शिवाय गुलमोहर मऊ आणि ठिसूळ असतो, त्यावर हात बसत नाही. वखारीतून विकत घेतलेल्या ओंडक्याला हा प्रश्न येत नाही, फक्त बिल सांभाळून ठेवावे.

कुऱ्हाडीने सुरुवात करू नये असा माझा आग्रह आहे. शिकवणारा माणूस समोर नसताना तीन किलोचे धारदार पाते पायांच्या दिशेने चालवणे हे व्यायामशाळेतल्या ताकदीने सुरक्षित होत नाही, आणि ती लोखंडी जाळीही इथे दुकानात मिळायची नाही. त्याऐवजी दोन मुठींची लांब आडकरवत मिळवावी. आमच्या भागात जुनी करवत मिळते आणि तिचे दात लावून देणारे कारागीरही अजून एक-दोन आहेत. ओंडका दोन ठिकाणी टेकू देऊन घट्ट आवळावा, कापायची जागा टेकूंच्या बाहेर ठेवावी म्हणजे लाकडाच्या वजनाने चीर मिटत नाही, आणि चीर खोल गेली की तिच्यात लाकडी पाचर ठोकून पात्याला थोडे तेल लावावे. मल्लखांब केलेल्या मुलाच्या हाताची पकड चांगली असते, त्याला फक्त ती सैल सोडायला शिकावे लागेल. जोडीदार मात्र त्याच्याच उंचीचा शोधावा, नाहीतर करवत एका बाजूला उतरत जाते आणि काप वाकडा येतो.

रविवारी सकाळी वखार बंद असते तेव्हा आमच्या अंगणात जागा आहे. व्यक्तिगत संदेश पाठवावा, पत्ता देतो.